हुकूम एकाचा, मेहनत दुसऱ्याची

उन्हाळा लागला की आमच्या पवनीत घराघरांतून कूलर बाहेर निघतात. ताट्यांमधले जुने गवत काढून नवे भरले जाते, टाकी धुतली जाते, पंपाची मोटर चालते की नाही ते पाहिले जाते. वैनगंगा गावाला लागून वाहते, पण मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की नदीकाठ काय आणि माळ काय, सगळे सारखेच. कूलरशिवाय दुपार निघत नाही. आणि त्याच सुमारास विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या गावाहून कूलरचा शॉक लागून कुणी दगावल्याची बातमी येते. त्यात लहान लेकरेही असतात. पत्र्याची बॉडी, आत पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय, अर्थिंगचा पत्ता नाही आणि २३० व्होल्टची वीज. एवढे एकत्र आले की आणखी काही लागत नाही.

म्हणून आपण मुलांना सांगतो, "हात लावू नकोस." ते बरोबरच आहे. पण गोष्ट तिथेच थांबली तर मुलाच्या मनात विजेची फक्त भीती उरते, किंवा मग तो आपली नजर चुकवून हात लावतो. वीज शिकायचीच असेल तर ती अशा ठिकाणी शिकावी, जिथे चूक झाली तर जिवावर बेतत नाही. या महिन्याच्या सदरात तसाच एक पंखा घेतला आहे. तळहाताएवढा, १२ व्होल्टवर चालणारा, जुन्या कॉम्प्युटरमध्ये असतो तो. हा पंखा बटण न दाबता, उष्णता पाहून आपोआप सुरू करायचा आणि आपोआप बंद करायचा. नववी-दहावीच्या मुलामुलींना सुटीच्या चार दिवसांत जमेल असे काम आहे. अम्मी-अब्बांनी शेजारी बसून वाचावे, म्हणजे प्रश्न विचारता येतील.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञानाचा तास आमचा नाही. तरीही विज्ञान प्रदर्शन जवळ आले की मुले आमच्याकडे येतात, कारण त्यांचे घोडे बऱ्याचदा शब्दांवर अडते. उर्दू माध्यमाच्या मुलाने 'मुजाहमत' शिकलेली असते, मराठीच्या पुस्तकात त्यालाच 'रोध' म्हणतात आणि भंडाऱ्याच्या किंवा नागपूरच्या दुकानात दोन्ही शब्द चालत नाहीत, तिथे 'रेझिस्टर' मागावा लागतो. वस्तू एकच, नावे तीन. 'बर्की रौ' म्हणजेच विद्युतप्रवाह, म्हणजेच करंट. ही नावे एकदा जुळली की निम्मी भीती जाते. खाली आम्ही दुकानात चालणारे शब्दच वापरले आहेत.

बोर्ड काय करतो आणि काय करत नाही

या कामात डोके चालवणारी वस्तू म्हणजे मायक्रोकंट्रोलर. एका चिपमध्ये बसवलेला छोटासा संगणक. त्याला आपण काही ओळींचा प्रोग्राम देतो आणि तो तेवढेच काम रात्रंदिवस करत राहतो. वॉशिंग मशीनमध्ये, गाडीमध्ये, टीव्हीच्या रिमोटमध्ये असाच कुणीतरी बसलेला असतो. मुलांसाठी सगळ्यात सोयीचा बोर्ड म्हणजे आर्डुइनो उनो. आर्डुइनोची सुरुवात २००५ साली इटलीतल्या इव्हरेया गावी झाली, आणि ती मुळातच अशा विद्यार्थ्यांसाठी होती जे इंजिनिअर नव्हते. उनोवर एटीमेगा-३२८पी नावाची चिप असते. बाजारात त्याच्यासारखे बनवलेले बोर्ड चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळतात.

या बोर्डाला ० ते १३ असे १४ डिजिटल पिन असतात. प्रोग्रामने सांगितले की पिनवर ५ व्होल्ट येतात, सांगितले की जातात. इथेच मुलांची पहिली गफलत होते. त्यांना वाटते, पिनवर वीज येते ना, मग पंख्याची तार तिथेच जोडू.

हिशेब पाहू. या चिपच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअर करंट घ्यावा, असे सांगितलेले असते. ४० ही शेवटची हद्द. तिच्यापुढे चिपचे नुकसान होते. आता पंख्याच्या मधोमध चिकटवलेले लेबल वाचा. तिथे लिहिलेले असते, १२ व्होल्ट, ०.१५ अँपिअर. म्हणजे १५० मिलिअँपिअर. पिन देते ५ व्होल्ट, पंख्याला हवेत १२. पिन देऊ शकते २० मिलिअँपिअर, पंख्याला हवेत १५०. दोन्ही बाजूंनी हिशेब तुटतो. दहा किलो उचलणाऱ्या पोराच्या डोक्यावर पाऊण क्विंटल धानाचे पोते देण्यासारखे आहे हे.

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी नववीतल्या एका मुलीने ५ व्होल्टचा छोटा पंखा थेट पिनला जोडला होता. पंखा क्षणभर रखडत फिरला आणि थांबला. त्यानंतर त्या पिनवर काहीच चालेना. घरी सांगितले तर उत्तर मिळाले की आता दुसरा बोर्ड मिळणार नाही, अभ्यास कर. शिलाईकामावर चालणाऱ्या घरात पाचशे रुपये म्हणजे काय, हे आम्हाला माहीत आहे; त्या अब्बांना दोष देण्यासारखे काही नाही. तिने बोर्ड कागदात गुंडाळून आमच्याकडे आणला तो परत करायला आणला असावा तसा. आम्ही एक साधी तपासणी करायला सांगितली. प्रत्येक पिनला ३३० ओहमचा रेझिस्टर आणि एक एलईडी लावून पाहायचे. एक पिन गेली होती. बाकीच्या तेरा पिनांवर एलईडी छान लागला. बोर्ड जिवंत होता.

ही गोष्ट सांगण्याचे कारण एवढेच की एक पिन गेली म्हणजे बोर्ड गेला असे नसते, हे पुष्कळ घरांना माहीत नसते. बोर्ड कचऱ्यात जातो, आणि त्याच्यासोबत मुलीचा हुरूपही जातो. चांगला बोर्ड टाकून देण्याआधी दहा मिनिटे तपासणीला द्यावीत. अर्थात १२ व्होल्टची तार थेट पिनला लागली तर मात्र पूर्ण चिपच जाण्याची शक्यता असते. ती तार नेहमी लाल ठेवावी आणि बोर्डापासून दूर.

गोसीखुर्दचा दरवाजा

मग पंखा चालवायचा कसा? उत्तर आमच्या तालुक्यातच उभे आहे. गोसीखुर्द धरण. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. त्याला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात 'आज इतके दरवाजे इतक्या उंचीने उघडले' ही बातमी नदीकाठच्या गावांत मुलेसुद्धा कान देऊन ऐकतात.

तो दरवाजा कुणी हाताने उचलत नाही. कर्मचारी बटण दाबतो. बटण दाबायला बोटाचा जोर पुरतो, पण त्या हुकमाने मोटर फिरते, दरवाजा वर जातो आणि धरणात साठलेले पाणी खाली सुटते. पाणी बोटातून आलेले नसते. ते धरणातच होते. बोटाने फक्त वाट मोकळी केली.

आपल्या पंख्यातही तीनच पात्रे आहेत. १२ व्होल्टचा अडॅप्टर म्हणजे धरण. बोर्डाची पिन म्हणजे बटणावरचे बोट. आणि मधला दरवाजा म्हणजे ट्रान्झिस्टर. पंखा फिरवणारी वीज अडॅप्टरमधून येते, बोर्डातून नाही. बोर्ड फक्त दरवाजाला हुकूम देतो. हुकूम एकाचा, मेहनत दुसऱ्याची. हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले की पुढची सगळी जोडणी समजते.

ट्रान्झिस्टर म्हटले की आपल्या आधीच्या पिढीला रेडिओ आठवतो. खरे तर रेडिओच्या आत असलेल्या त्या छोट्या वस्तूचे नाव रेडिओलाच चिकटले. ती वस्तू डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिल्यांदा चालवून दाखवली; शॉकली त्यांच्या गटाचे प्रमुख होते. १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून दिले गेले. आज मोबाइलच्या एका चिपमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. आपल्याला एकच हवा आहे, आणि तो दोन-पाच रुपयांत मिळतो.

थोड्या जोराने मोठ्या प्रवाहावर ताबा ठेवायचा आणि यंत्राने आपले काम आपणच सांभाळायचे, ही इच्छा मात्र जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ होते. इतिहास त्यांना बनू मूसा म्हणून ओळखतो. त्यांच्या 'किताब अल-हियल' या ग्रंथात शंभराच्या आसपास करामती यंत्रांची वर्णने आहेत. पाण्याची पातळी बदलली की तरंगणारा भाग वरखाली होतो आणि झडप आपोआप उघडते किंवा मिटते, अशी योजना त्यांतल्या कित्येक यंत्रांत दिसते. घराच्या टाकीतला गोळा पाणी भरल्यावर नळ बंद करतो, तो त्याच जातीचा. तिथे पाणी होते, इथे वीज आहे. विचार तोच.

सामान आणि जोडणी

यादी छोटी आहे. आर्डुइनो उनो बोर्ड आणि त्याची यूएसबी केबल. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर. दोन तारांचा १२ व्होल्टचा पंखा. टू-एन-२२२२ ट्रान्झिस्टर. २७० ओहमचा एक आणि १० किलोओहमचा एक रेझिस्टर. वन-एन-४००७ डायोड. उष्णता मोजणारा एलएम-३५ सेन्सर. ब्रेडबोर्ड आणि जोडतारा. रिमोटमध्ये किंवा खेळण्यात वापरतात तो ९ व्होल्टचा डबी सेल पंख्यासाठी आणू नये. त्याचा दम लवकर संपतो आणि मुलाला वाटते जोडणीच चुकली.

दुकानदार कधीकधी बीसी-५४७ ट्रान्झिस्टर हातावर ठेवतो. तो वाईट नाही, पण त्याची हद्द १०० मिलिअँपिअर. आपल्या पंख्याला १५० लागतात. तेव्हा टू-एन-२२२२ च मागावा.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. एमिटर, बेस आणि कलेक्टर. बेस म्हणजे बटण. कलेक्टरमधून करंट आत येतो आणि एमिटरमधून बाहेर जातो. पण कोणता पाय कोणता? इथे एक खोच आहे. प्लास्टिकच्या टोपीतला ट्रान्झिस्टर सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली करून धरला, तर पीएन-२२२२ असे लिहिलेल्या प्रकारात डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असा क्रम येतो. पी-टू-एन-२२२२ लिहिलेल्या प्रकारात तोच क्रम उलटा होतो. नावात एवढासा फरक, आणि पाय उलटे. म्हणून अंगावर काय लिहिले आहे ते भिंगाने वाचावे आणि कंपनीच्या माहितीपत्रकातले चित्र पाहूनच जोडावे.

आता जोडणी. पंख्याची लाल तार अडॅप्टरच्या धन टोकाला. पंख्याची काळी तार ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. एमिटर अडॅप्टरच्या ऋण टोकाला. बेसला २७० ओहमचा रेझिस्टर, आणि रेझिस्टरचे दुसरे टोक बोर्डाच्या ९ क्रमांकाच्या पिनला. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर. बोर्ड सुरू होताना पिन काही क्षण कुणाच्याच हुकमात नसते, तेव्हा हा रेझिस्टर दरवाजा बंद धरून ठेवतो.

एक तार अशी आहे जी सर्वांत जास्त विसरली जाते. अडॅप्टरचे ऋण टोक आणि बोर्डाचा ग्राउंड, हे दोन्ही एकमेकांना जोडलेच पाहिजेत. बोर्ड म्हणतो, 'मी ५ व्होल्ट दिले.' पण कशाच्या तुलनेत पाच? उंची मोजायला जमीन एकच हवी. एकाने ओट्यावरून मोजले आणि दुसऱ्याने अंगणातून, तर दोघांचे माप जुळणार नाही. पंखा अजिबात फिरत नसेल तर आधी हीच तार पाहावी.

डायोड पंख्याच्या दोन तारांवर आडवा लावायचा. त्याच्या अंगावरची पांढरी पट्टी धन बाजूला, म्हणजे लाल तारेकडे. असा उलटा लावल्यावर एरवी तो काहीच करत नाही. पण तारेच्या वेटोळ्यातला करंट अचानक तोडला की वेटोळे उलट झटका देते, आणि तो झटका ट्रान्झिस्टरला मारू शकतो. डायोड त्या झटक्याला वळसा घालून परत वेटोळ्यातच फिरवतो. कॉम्प्युटरच्या पंख्याच्या पोटात स्वतःचे सर्किट असते, त्यामुळे तिथे झटका कमी असतो. खेळण्यातल्या मोटारीत मात्र हा डायोड नसेल तर ट्रान्झिस्टरची खैर नाही. एका रुपयाची वस्तू आहे, लावूनच टाकावी. आणि त्याच पोटातल्या सर्किटमुळे पंख्याच्या लाल-काळ्या तारा उलट जोडू नयेत.

२७० कुठून आले

मुले जोडणी उतरवून घेतात, पण २७० च का, हे विचारत नाहीत. विचारायला हवे, कारण पंखा बदलला की हा आकडाही बदलतो.

दरवाजा पूर्ण उघडायचा असेल तर बेसमध्ये पंख्याच्या करंटच्या साधारण दहावा हिस्सा द्यावा, असा कामाचा नियम आहे. पंख्याचे १५० मिलिअँपिअर, दहावा हिस्सा १५. पिनवर ५ व्होल्ट आहेत, त्यांपैकी बेस आणि एमिटर यांच्यात सुमारे ०.७ व्होल्ट जातात. उरले ४.३. आता ओहमचा नियम: ४.३ भागिले ०.०१५, म्हणजे जवळजवळ २८७ ओहम. बाजारात २८७ मिळत नाही, त्याच्या खालचा २७० मिळतो. त्यातून सुमारे १६ मिलिअँपिअर जातील. पिनच्या २० च्या आत बसले. आठवीचा भागाकार आहे, पण या भागाकारावर पाचशेचा बोर्ड उभा आहे.

रेझिस्टर लावलाच नाही तर? मग पिनमधून वाटेल तेवढा करंट ओढला जाईल आणि पुन्हा तीच गत. आणि खूप मोठा लावला, समजा १० किलोओहमचा? तेव्हा दरवाजा अर्धवटच उघडेल. पंखा हळू फिरेल आणि ट्रान्झिस्टर तापेल. पूर्ण उघडलेल्या ट्रान्झिस्टरवर जेमतेम ०.२ ते ०.३ व्होल्ट अडकतात. ०.३ गुणिले ०.१५, म्हणजे ०.०४५ वॅट, बोटाला जाणवणारही नाही. पण अर्धवट उघडलेल्यावर ६ व्होल्ट अडकले आणि ०.१ अँपिअर वाहिला, तर ०.६ वॅट. एवढ्याशा प्लास्टिकच्या टोपीची सोसण्याची हद्द त्याच्या आसपासच आहे. म्हणून ट्रान्झिस्टर गरम लागला तर फुंकर घालत बसू नये. त्याला हुकूम पुरेसा मिळत नाही, असे तो सांगत असतो.

एकेक पायरी

सगळे एकदम जोडून स्विच दाबला आणि चालले नाही, तर चूक शोधायला सबंध दुपार जाते. म्हणून चार पायऱ्या कराव्यात.

पहिली: पंखा थेट अडॅप्टरला जोडून पाहा. फिरला, म्हणजे पंखा आणि अडॅप्टर ठीक.

दुसरी: ट्रान्झिस्टर जोडा, पण प्रोग्राम नको. २७० ओहमच्या रेझिस्टरचे मोकळे टोक बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला लावा. पंखा फिरला पाहिजे. ते टोक ग्राउंडला लावा. थांबला पाहिजे. न थांबता फिरतच राहिला तर ट्रान्झिस्टरचे पाय उलटे लागले आहेत किंवा तो जळाला आहे.

तिसरी: मोकळे टोक ९ व्या पिनला लावा. प्रोग्राम एवढाच: पिन सुरू, ५ सेकंद थांब, पिन बंद, ५ सेकंद थांब, पुन्हा पहिल्यापासून. पंखा आता कुणीही हात न लावता चालतो आणि थांबतो. घरातली लहान भावंडे इथेच टाळ्या वाजवतात.

चौथी: उष्णतेचा सेन्सर. एलएम-३५ दिसायला ट्रान्झिस्टरसारखाच असतो, म्हणून वेगळ्या पुडीत ठेवावा. सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावा पाय ५ व्होल्टला, मधला बोर्डाच्या 'ए-०' पिनला, उजवा ग्राउंडला. उलटा जोडला तर तो चटका बसेल इतका तापतो. बोर्ड लगेच बंद करावा. हा सेन्सर प्रत्येक अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. ३० अंशांना ३००, ५० अंशांना ५००. बोर्ड ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग पाडून वाचतो, म्हणजे एक भाग साधारण ४.९ मिलिव्होल्टचा, जवळपास अर्ध्या अंशाचा. ५० अंशांवर बोर्डाला दिसेल १०२, ४५ अंशांवर ९२. मुलांना हे आकडे आधी कागदावर काढू द्या, मग पडद्यावर पडताळू द्या.

आता पंखा किती अंशांवर सुरू करायचा? इतर ठिकाणची उदाहरणे पाहून मुले ३० लिहितात. पवनीत मे महिन्यात ३० लिहिले तर पंखा रात्रीसुद्धा थांबायचा नाही! म्हणून आम्ही याला एक कामाची जागा सुचवतो: वाळवणाची पेटी. भिवापूरची मिरची आपल्या शेजारचीच, आणि उन्हाळी वाळवण घरोघर असते. धूळ, माश्या आणि अवेळी पाऊस यांच्यापासून ते वाचवायचे, तर लाकडी पेटी घ्यावी, आतून काळा रंग द्यावा, वर काच बसवावी, खाली हवेसाठी भोके ठेवावीत आणि वरच्या बाजूला हा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावावा. उन्हाने पेटी तापते. पंखा सतत चालला तर ती तापणारच नाही. कधीच चालला नाही तर मिरचीतून निघालेला ओलावा आतच कोंडेल. दोन्हींच्या मधला मार्ग बोर्ड धरून ठेवतो. सेन्सर मात्र सावलीच्या जागी बसवावा, नाहीतर तो हवेऐवजी उन्हाचाच चटका मोजेल.

प्रोग्राममध्ये दोन आकडे लिहावेत, एक नाही. ५० च्या वर गेले की सुरू, ४५ च्या खाली आले की बंद, मधल्या पट्ट्यात जसे आहे तसे राहू दे. एकच आकडा ठेवला तर पारा ५० च्या काठावर असताना पंखा क्षणात सुरू, क्षणात बंद असे करत राहतो. घरातही तसेच असते. प्रत्येक कुरबुरीवर निर्णय फिरवणाऱ्या माणसाचे कुणी ऐकत नाही. थोडी ढील ठेवावी लागते.

एक हद्द

हे सगळे १२ व्होल्टपर्यंतच. पंखा चालला की मुलाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आता कूलर चालवू?" नाही. हा ट्रान्झिस्टर २३० व्होल्टसाठी नाही, ब्रेडबोर्ड तर नाहीच नाही. त्यासाठी रिले आणि जाणकार वायरमन लागतो. मुलाच्या हाती ते काम देऊ नये, त्याने कितीही हट्ट केला तरी. उलट याच निमित्ताने घरातल्या मोठ्यांनी कूलरकडे पाहून घ्यावे. तीन पिनांचा प्लग आहे का? त्यातली तिसरी पिन खरोखर जमिनीपर्यंत पोचली आहे का? टाकीत पाणी भरताना प्लग काढतो का? आणि शक्य असेल तर घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. वीज भलत्या वाटेने, म्हणजे माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली, तर तो निमिषात प्रवाह तोडतो. तोही एक दरवाजाच आहे. हुकूम द्यायला कुणी जागे नसले तरी बंद होणारा.

ज्या मुलामुलींनी पंखा चालवला, त्यांच्यासाठी या महिन्याचा प्रश्न: तुमच्या पंख्याच्या लेबलवर ०.१५ ऐवजी ०.३ अँपिअर लिहिले आहे. दहाव्या हिश्शाच्या नियमाने बेसचा रेझिस्टर किती ओहमचा येईल? आणि तो लावला तर पिनला चालेल का? चालणार नसेल, तर पिनवरचा भार न वाढवता काय बदलाल? हिशेबासह उत्तर पाठवावे. पुढच्या महिन्यात त्याचे उत्तर पाहू आणि याच पंख्याचा वेग कमी-जास्त कसा करायचा तेही.